पडद्याखालची मराठी ओळ

टीव्हीच्या रिमोटवर 'सबटायटल' किंवा 'सीसी' असे एक बटण असते. आपल्यापैकी कितीजणांनी ते कधी दाबून पाहिले आहे? नेरूळमधील एका घरी आम्ही चार शिक्षकांनी एका रविवारी हा उद्योग केला. सेट-टॉप बॉक्सवरून मराठी वाहिन्या एकामागून एक लावल्या आणि दरवेळी ते बटण दाबले. उपशीर्षके उपलब्ध नाहीत, एवढाच निरोप पडद्यावर येत राहिला. मग त्याच संचावर इंटरनेटवरून एक मराठी चित्रपट लावला. तेथे ओळी उमटल्या, पण इंग्रजीत. घरातल्या आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बोलतात मराठी, मग लिहीत का नाहीत मराठी?"

आजींच्या प्रश्नाला 'लिपी अवघड आहे' असे उत्तर पूर्वी तरी देता आले असते. अमेरिकेत १९८० साली क्लोज्ड कॅप्शन सुरू झाले, तेव्हा मजकूर चित्राच्या एकविसाव्या रेषेत दडवून पाठवला जाई. तेथील चित्र ५२५ रेषांचे. त्यांतील काही रेषा पडद्यावर दिसतच नाहीत आणि एकविसावी त्यांपैकीच एक. चित्राच्या प्रत्येक चौकटीचे दोन अर्धे भाग असतात. एका भागातील त्या रेषेत फक्त दोन अक्षरांचे संकेत मावत; म्हणजे सेकंदाला सुमारे साठ. ते उलगडणारा डिकोडर संचात असेल आणि प्रेक्षकाने मागितले असेल, तरच मजकूर दिसे. म्हणून तो 'क्लोज्ड', म्हणजे झाकलेला. १९९३ च्या जुलैपासून तेथे तेरा इंच व त्याहून मोठ्या नव्या संचांत हा डिकोडर कायद्याने सक्तीचा झाला. त्या संकेतांत रोमन लिपीची सोय होती, देवनागरीची नव्हती.

परंतु आपल्याकडील आजचे डिजिटल प्रक्षेपण ज्या युरोपीय पद्धतीवर आधारलेले आहे, तीत उपशीर्षक चक्क चित्ररूपाने पाठवता येते. चित्राला वेलांटी काय आणि रफार काय! तेव्हा मराठी ओळ दिसत नाही याचा दोष तंत्राला देता येणार नाही.

ही ओळ कशासाठी हवी, याचे एक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे. ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. खाली इंग्रजी ओळी होत्या. त्या स्पॅनिशमध्येच असत्या तर स्पॅनिश शिकणाऱ्यांना अधिक उपयोग झाला असता, असे त्यांच्या मनात आले. पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत त्यांनी हीच कल्पना साक्षरतेला लावली : जी भाषा कानावर पडते, तीच डोळ्यांपुढे. १९९९ मध्ये गुजराती चित्रपटगीतांना गुजराती ओळी जोडल्या गेल्या. २००२ मध्ये दूरदर्शनच्या 'चित्रहार'ला हिंदी. गाणे म्हणत जाईल तसा शब्दाचा रंग बदलत जाई. महाराष्ट्रात २०१३ पासून काही काळ 'झी टॉकीज'वर मराठी चित्रपटांसाठी हा प्रयोग झाला.

गाण्याची निवड आम्हांला फार शहाणपणाची वाटते. गाणे पाठ असते, ओळ पुन्हा पुन्हा येते, चालही संथ. अडखळत वाचणारा पुढचा शब्द आधीच ओळखतो आणि डोळा त्याची खात्री करून घेतो. शिवाय ओळ पडद्यावर असली की डोळे आपोआप तिकडे वळतात. बेल्जियममधील द'यदवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोलणे आणि ओळ एकाच भाषेत असतानाही प्रेक्षक ओळ वाचतात, असे डोळ्यांच्या हालचालींवरून दाखवले होते.

पण याच जागी आमचा आक्षेप आहे. कोठारींची ओळ उघडी होती, बटणामागे झाकलेली नव्हती. ज्याला वाचनाचा कंटाळा किंवा धास्ती आहे, तो बटण शोधून दाबेल ही अपेक्षाच चुकीची. ओळी पुरवल्या पण झाकून ठेवल्या, तर ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तेच वगळले जातील.

ऐकू न येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते बटण शोधतीलच, पण त्यांना संवादाखेरीज आणखी काही हवे असते : कोण बोलले, दार वाजले, मागे कुत्रा भुंकला. भाषांतर म्हणून केलेल्या उपशीर्षकांत हे नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा किंवा उपशीर्षके यांची सोय व्हावी असे म्हटले आणि ११ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यासाठी मानके काढली. बातम्यांत कोपऱ्यातील चौकटीत हातवारे करणारी व्यक्ती दिसते ती या सोयीचाच भाग. चौकट कधीकधी इतकी लहान असते की बोटे मोजावी लागतात.

ओळ आली तरी ती कशी लिहावी, हाही प्रश्न आहेच. उपशीर्षकांची लांबी बहुधा अक्षरे मोजून ठरवतात. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणक मात्र तेथे सहा चिन्हे मोजतो. रोमन लिपीसाठी आखलेली मर्यादा जशीच्या तशी देवनागरीला लावली, तर वाक्य नको तेथे तुटते. बोलणारा 'केलं' म्हणतो आणि पुस्तकात 'केले' असते. नवशिक्या वाचकासाठी आम्ही 'केलं'च्या बाजूचे आहोत. कान आणि डोळा यांत भांडण लावून वाचन शिकवता येत नाही.

हे वर्गातच करून पाहावे म्हणून आम्ही कोपरखैरण्याच्या आठवीतील मुलांना कोळीवाड्यातील एक तीन मिनिटांचा प्रसंग दाखवला आणि त्याच्या ओळी लिहायला सांगितल्या. दोन तास लागले. प्रसंगातील म्हातारी 'पानी' म्हणते. निम्म्या वर्गाने 'पाणी' लिहिले. गावठाणातील मुले 'पानी'वर अडून बसली. शुद्धलेखनाचा एरवीचा तास इतका रंगत नाही. अखेर म्हातारीच्या तोंडी 'पानी'च ठेवावे असे ठरले. मग सर्वांच्या वह्या तपासल्या, तेव्हा ध्यानात आले की प्रसंगात दोनदा दार वाजते आणि ते एकाही वहीत लिहिलेले नाही. मुलांनी वह्या परत घेतल्या आणि आवाज बंद करून प्रसंग पुन्हा पाहिला.