‘क्यूट म्हणजे काय गं?’

मागच्या हिवाळ्यात मी फ्लोरिडात काका-काकूकडे पंधरा दिवस राहिले. काका १९७८ साली पुण्याहून अमेरिकेत गेला. आयुष्यभर न्यू जर्सीत नोकरी केली, बर्फ उपसला, आणि निवृत्तीनंतर दोघं मध्य फ्लोरिडातल्या एका ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’ वसाहतीत राहायला आले. तिथल्या क्लबहाउसमध्ये आठवड्यातून दोनदा बॉलिवूड नाचाचा वर्ग असतो. काकूच तो घेते. चौदा बायका, दोन पुरुष, सगळ्यात लहान बाई बासष्ट वर्षांची. मी मागे उभी राहून व्हिडिओ काढला, त्यातले बरे चाळीस सेकंद ठेवले, वर गाणं चढवलं आणि इन्स्टावर रील टाकली. संध्याकाळपर्यंत नुसता बदामांचा पाऊस. ‘सो क्यूट!’, ‘मला म्हातारपणी असंच व्हायचंय’, ‘रडू आलं यार’.

मी कौतुकानं एकेक कमेंट काकूला वाचून दाखवली. तिनं चष्मा लावून रील दोनदा पाहिली आणि विचारलं, “क्यूट म्हणजे काय गं? कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात ते?”

मला उत्तर सुचलं नाही. दोनच दिवसांनी आम्ही ‘सम काइंड ऑफ हेवन’ हा माहितीपट पाहायला बसलो. मला त्यावर लिहायचंच होतं, आणि तो ज्या गावावर आहे ते काकूच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. काकूच्या दोन शेजारणीही आल्या. एक निवृत्त शाळामास्तरीण, दुसरी चार वर्षांपूर्वी नवरा गेलेली. पॉपकॉर्नऐवजी चिवडा होता.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘द व्हिलेजेस’ ही फ्लोरिडातली निवृत्तांची प्रचंड वसाहत. सुरुवात फिरत्या घरांच्या एका साध्या वसाहतीपासून झाली. आज ती तीन काउंट्यांमध्ये पसरली आहे. २०१० ते २०२० या दशकात अमेरिकेत सगळ्यात वेगानं वाढलेला महानगर विभाग म्हणून जनगणनेत हिचंच नाव आलं, आणि लोकसंख्या एक लाख तीस हजारांच्या आसपास पोचली. लोक गोल्फ कार्टनं फिरतात. शेकडो क्लब आहेत. चौकांमधल्या इमारती जुन्या वाटाव्यात म्हणून त्यांना खोटा इतिहास जोडलेला आहे, पाट्यांसकट. गावाचं दैनिक वसाहत बांधणाऱ्या कंपनीच्याच मालकीचं. लहान मुलं पाहुणी म्हणून येऊ शकतात, राहायला नाही.

लान्स ओपनहाइम हा दिग्दर्शक फ्लोरिडाचाच. त्याचा सिनेमा २०२०च्या सनडान्स महोत्सवात आला तेव्हा तो जेमतेम चोविशीत होता. चौकट जुन्या टीव्हीसारखी जवळपास चौकोनी, रंग पोस्टकार्डासारखे, माणसं बरोब्बर मधोमध. पाण्यात एका तालात हातपाय हलवणाऱ्या बायका दिसतात, गोल्फ कार्टची कवायत दिसते. एका क्लबात तर सगळ्यांचंच नाव एलेन असतं आणि एकेक जण गंभीरपणे सांगते, मी एलेन.

मग सिनेमा चार माणसांकडे वळतो. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं. त्यातला नवरा आता नशेच्या पदार्थांचे प्रयोग करत स्वतःचा शोध घेतोय. बॉस्टनकडून आलेली एक विधवा. नवरा गेला, पुंजी संपली, म्हणून या सुट्टीच्या गावात ती पूर्णवेळ नोकरी करते. आणि एक्क्याऐंशी वर्षांचा एक इसम, जो व्हॅनमध्ये झोपतो आणि पैसेवाली बाई शोधत तरणतलावांवर फिरतो.

पहिली तक्रार मास्तरीणबाईंची. “हा व्हॅनवाला तिथला रहिवासी नाहीच. एक लाख माणसांतून चार निवडायची, आणि त्यातला एक बाहेरचा?” मी माझ्या परीनं दिग्दर्शकाची बाजू घेतली. म्हटलं, सुखाचं कुंपण दाखवायचं तर कुंपणाबाहेरचा माणूस लागतोच. त्या म्हणाल्या, “मग कुंपणाबद्दल म्हणा ना. आमच्याबद्दल आहे असं कशाला म्हणता?” हा मुद्दा मला परीक्षणं वाचून सुचला नसता. अर्थात रहिवाशांच्या पलीकडे पाहणारा सिनेमाही निघाला आहे. वालेरी ब्लांकेनबिल हिच्या ‘द बबल’मध्ये (२०२१) या वसाहतीच्या वाढीची झळ सोसणारे आजूबाजूचे लोकही येतात. तिथे प्रश्न जमिनीचा आहे, एकाकीपणाचा नाही.

दुसरी गोष्ट एलेन-क्लबची. तो प्रसंग आला आणि मी खळखळून हसले. मास्तरीणबाईही हसल्या, पण नंतर म्हणाल्या, “त्या बायकांनी तो क्लब हसण्यासाठीच काढला असणार. आमच्याकडेही डावखुऱ्यांचा एक गट आहे, वर्षातून एकदा जेवतो. विनोद त्यांचा आहे. सिनेमात तो दिग्दर्शकाचा होऊन येतो.”

हे ऐकून मी तो तुकडा परत लावला. त्यांचं खरं होतं. कॅमेरा स्थिर, अंतर राखून, जणू वस्तुसंग्रहालयातल्या कपाटासमोर उभा. आपण काय करतोय हे त्या बायकांना कळतंय, अशी एकही खूण त्या मांडणीत ठेवलेली नाही. हसू दोघांचंही आहे, पण श्रेय एकालाच मिळतं. म्हातारी माणसं एकत्र काही करताना दिसली की ती आपोआप गमतीशीर ठरतात. त्यांनीच गंमत केली असेल, ही शक्यता आपल्या डोक्यात येत नाही.

तिसरा प्रसंग कोर्टाचा. अमली पदार्थ जवळ बाळगल्याच्या खटल्यात तो नवरा वकील न घेता स्वतःच उभा राहतो, भरकटत बोलतो, न्यायाधीशांचा संयम सुटत जातो. इथे काकू उठून चहा टाकायला गेली. नंतर एवढंच म्हणाली, “त्याच्या बायकोकडे बघवेना. माझं असं झालं असतं तर मी कुणालाच कळू दिलं नसतं.” मी म्हटलं, अगं, तिनं परवानगी दिलीय, सही केलीय. काकू म्हणाली, “सही केली तेव्हा तिला ठाऊक होतं का, असा दिवस येणार आहे?”

सगळ्या माहितीपटांपुढचा हा जुना प्रश्न आहे. सही सुरुवातीला होते, आयुष्य नंतर घडतं. त्याचं दुसरं टोक पाहायचं तर माइते अल्बेर्दी हिचा चिलीमधला ‘द मोल एजंट’ (२०२०) पाहा. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा माहितीपट. त्र्याऐंशी वर्षांचा एक गृहस्थ वृद्धाश्रमात गुप्तहेर म्हणून दाखल होतो, कारण एका मुलीला आपल्या आईचे तिथे हाल होतात असा संशय आहे. आश्रमाला सांगितलेलं असतं की म्हातारपणावर सिनेमा बनतोय. हेराबद्दल कुणाला पत्ता नसतो. नियमानं पाहिलं तर ही फसवणूकच. पण पडद्यावर उलटंच घडतं. हेराला हेरगिरी जमत नाही, तो बायकांच्या गप्पा ऐकत बसतो, त्यांची दुःखं लक्षात ठेवतो, आश्रमाच्या वर्धापनदिनी राजा म्हणून निवडला जातो. शेवटी त्याचा अहवाल असा की इथे छळ वगैरे नाही. माणसं भेटायला येत नाहीत, हा खरा प्रकार आहे.

‘मोल एजंट’मध्ये बघणाराच म्हातारा आहे. तो समोरच्या बाईकडे स्वतःचं भविष्य म्हणून बघत नाही, शेजारीण म्हणून बघतो. ‘हेवन’मधला कॅमेरा मात्र चोविशीचा आहे, आणि चोविशीला म्हातारपण एक तर जत्रेसारखं दिसतं नाही तर इशाऱ्यासारखं. हे मी ओपनहाइमला नावं ठेवायला म्हणत नाहीये. माझ्या रीलवर दुसरं काय होतं? ‘सो क्यूट’ ही जत्रा, ‘रडू आलं’ हा इशारा. त्याच्या सिनेमाचं सूत्रही तेच: समूह दिसला की हसायचं, एकटं माणूस दिसलं की हळहळायचं. मधलं सगळं गाळलं जातं.

आपल्याकडे तर हसण्याचीही सोय नाही. ‘बागबान’पासून ‘नटसम्राट’पर्यंत आपले म्हातारे बहुतेक मुलांनी केलेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून उभे असतात. वृद्धाश्रम हे आपल्या पडद्यावर राहण्याचं ठिकाण नसतंच, तो मुलांविरुद्धचा निकाल असतो. तिथल्या आजीबाईंचं सकाळच्या चहावरून भांडण झालं तर ते कोण दाखवणार? अपवाद आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये (२०१३) स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागे चालत निघून जातात, आणि काही वेळ आपणही तो हत्ती त्यांच्याच नजरेनं, नवलानं पाहतो. हत्ती पाहताना ते कुणाचा धडा नसतात.

एवढं ऐकून वाटेल की आमच्या हॉलमध्ये सिनेमाला कुणीच चांगलं म्हटलं नाही. तसं झालं नाही. नवरा गेलेल्या शेजारीणबाई तोवर गप्प होत्या. सिनेमातली विधवा गोल्फ कार्ट विकणाऱ्या एका गृहस्थाशी ओळख वाढवू पाहते, पार्टीला जाते, नटते, आणि पुढे फारसं काही घडत नाही. त्या पार्टीतला तिचा चेहरा पाहून या बाई म्हणाल्या, “ही मी आहे. घर घेताना आम्हाला जी पुस्तिका दिली होती ना, तिच्यात कुणाचाच नवरा मेलेला नव्हता. या मुलानं निदान मेलेला दाखवला.”

खोलीत शांतता पसरली. मास्तरीणबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या मते दुःख दाखवणं सोपं असतं. दोघींचं त्यावरून चांगलं वाजलं. काका मध्ये पडायला गेला, तर त्याला दोघींनी गप्प केलं. आणि मला वाटलं, सिनेमात काय नव्हतं तर हे. स्वतःच्या चित्राबद्दल भांडणाऱ्या दोन बायका. ‘रहिवाशांना काय वाटलं’ असं आपण विचारतो तेव्हा एकच उत्तर धरून चालतो, जणू पंचावन्नाव्या वर्षी सगळ्यांची मतं एक होतात.

सिनेमा वाईट नाही. त्या विधवेचे प्रसंग तर फार चांगले आहेत. तिथे कॅमेरा चमकदार चौकटी विसरतो आणि वाट पाहतो. ती काय ठरवतेय हे तिच्या चेहऱ्यावर दिसेपर्यंत थांबतो. जाहिरातीची पुस्तिका आणि या सिनेमाचा पहिला अर्धा तास यांत मला फार फरक वाटत नाही; एक म्हणतं हसा, दुसरं म्हणतं यांना हसा. ती एकटी दोन्हीतून निसटते.

रात्री मी काकूला म्हटलं, रील काढून टाकते. ती म्हणाली, “काढू नकोस. पण त्यात मी नुसती नाचतेय. मी तिथे शिकवते.”

मी मूळ व्हिडिओ उघडला. अकरा मिनिटांचा. त्यात काकू सहा वेळा गाणं थांबवते. एकीचा खांदा दुखतो म्हणून तिची पायरी बदलून देते. पुरुषांपैकी एकाला तिसऱ्यांदा डावा-उजवा समजावते आणि तो इतका वैतागतो की पाणी प्यायला निघून जातो. माझे चाळीस सेकंद या सगळ्याच्या मधले होते. जिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं, नेमके तेवढेच.

मी रील काढली आणि अख्खा व्हिडिओ टाकला. आत्तापर्यंत एकोणीस जणांनी पाहिलाय. त्यातले सोळा त्या वर्गातलेच आहेत.