कूस आणि प्रतिज्ञा

पालीचा बल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकी एक. भाद्रपदात आणि माघात येथे गर्दी उसळते. देवस्थान कोणतेही असो, नवसात मागितलेले 'मूल' म्हणजे बहुधा मुलगाच. ही नुसती भाबडी श्रद्धा नव्हे. बापाला 'पुत्' नावाच्या नरकातून सोडवतो तो पुत्र, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. पिंड द्यायला मुलगा हवा, आणि तो होईपर्यंत बाईने बाळंतपणे सोसायची. पालीच्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी हा ग्रंथ जाळला गेला.

१९५६ च्या बावीस प्रतिज्ञा या प्रश्नाच्या अंगाने वाचल्या पाहिजेत. गौरी-गणपतींना देव मानणार नाही, म्हणजे नवस संपला. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही, म्हणजे मुलग्याची धार्मिक गरज संपली. त्याआधी १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. प्रसूतीच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कुणी पत्करले नसते, असे त्या भाषणात होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

आपल्या साहित्याने हा धागा किती उचलला? बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये कोवळ्या पोरींची बाळंतपणे आहेत, बाळंतिणीची उपासमार आहे आणि थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला सोडण्याची चालही आहे. देवाच्या नावाने मूल मागायचे आणि देवाच्याच नावाने ते द्यायचे, हे चक्र त्यांनी उघडे केले. पण आपल्या पुष्कळ लेखनात आई ही कष्टाची मूर्ती म्हणूनच येते. तिची बाळंतपणे कुणी ठरवली, हे विचारले जात नाही.

आज कुटुंब लहान झाले, पण मुलग्याचा हट्ट गेला नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ साली कायदा करावा लागला. त्रिशरण घेणाऱ्या घरातही दोन मुलींनंतर सुनेकडे अपेक्षेने पाहिले जाते. पिंड गेला, त्याच्या जागी 'वंशाचा दिवा' आला. मग प्रतिज्ञा पाळली कोणी? विहारातील सभेत, अभ्यासवर्गात हा प्रश्न घेतला पाहिजे, आणि उत्तर आधी सुनेला देऊ दिले पाहिजे.