पालक-शिक्षक योजना आणि अंतर्गत गुणवत्ता हमी : एक चिकित्सा

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची (नॅक) स्थापना 1994 साली झाली. अधिस्वीकृती मिळाल्यानंतर गुणवत्तेविषयीची जाणीव शिथिल होऊ नये, यासाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असावा, अशी अपेक्षा परिषदेने पुढे मांडली. यातील ‘अंतर्गत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरून समिती येणार म्हणून नव्हे, तर संस्थेने आपणहून स्वतःला प्रश्न विचारावेत, हे त्यात अभिप्रेत होते. ही अपेक्षा कितपत फलद्रूप झाली, हे पाहण्यासाठी पालक-शिक्षक योजना, म्हणजेच अलीकडच्या परिभाषेतील मेंटॉर-मेंटी योजना, ही योग्य कसोटी ठरते.

2017 मध्ये लागू झालेल्या नॅकच्या सुधारित आराखड्यात सात निकष होते. त्यांपैकी मेंटॉर-विद्यार्थी गुणोत्तर दुसऱ्या निकषात, विद्यार्थी साहाय्य पाचव्यात आणि गुणवत्ता हमी यंत्रणा सहाव्यात मोडत असे. निकषनिहाय समित्या नेमण्याची आपल्याकडील प्रथा लक्षात घेता, एकाच विद्यार्थ्याविषयीची माहिती तीन प्राध्यापकांच्या तीन फायलींत विखुरली जाणे क्रमप्राप्त होते. त्यातही गुणोत्तर काढणे अगदी सोपे. विद्यार्थिसंख्येला शिक्षकसंख्येने भागले, नेमणुकीचे परिपत्रक जोडले, की काम झाले. भेट झाली का, हा प्रश्न त्या भागाकारात येतच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत पदवी स्तरावरील शिक्षकाने दररोज किमान दोन तास विद्यार्थी मार्गदर्शनासाठी द्यावेत, अशी तरतूद आली. तिच्यातील संख्या ‘किमान 15 विद्यार्थी’ अशी आहे. कमाल मर्यादा नाही. पदे रिक्त असलेल्या महाविद्यालयात एकेका कायम शिक्षकाच्या नावावर साठ-सत्तर विद्यार्थी लिहिले गेले, तरी या वाक्याचा भंग होत नाही. शिवाय अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाचे असतात ते तासिका तत्त्वावरील अध्यापक. यादीत मात्र त्यांचे नाव नसते, आणि असले तरी त्या वेळेचे मानधन नसते.

खरा पेच नोंदवहीत आहे. ‘समस्या’ आणि ‘केलेली कार्यवाही’ असे दोन रकाने असलेली वही पुढे तपासणीसाठी मांडली जाणार, हे विद्यार्थिनीला ठाऊक असते. मग घरातून लग्नासाठी होणारा आग्रह ती सांगेल की वाचनालयातील बंद पंखा? वह्या चाळल्यास पंखेच अधिक आढळतात, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते. पुराव्याच्या आग्रहाने विश्वासाची जागा घेतली, की पुरावा उरतो आणि ज्याचा पुरावा द्यायचा ते नाहीसे होते.

याचा अर्थ नोंद नको असा नाही. समजा, एखाद्या ग्रामीण महाविद्यालयात पहिली तासिका साडेसातला आहे आणि आसपासच्या गावांहून येणारी एस.टी. सव्वाआठला पोहोचते. सात मेंटॉरांना हीच अडचण स्वतंत्रपणे कळते. प्रत्येकजण ‘नियमित उपस्थित राहण्याविषयी समज दिली’ असे लिहितो आणि वही मिटतो. सातही नोंदी नियमानुसार बिनचूक आहेत. वेळापत्रक मात्र तेच राहते. या सात नोंदी एकत्र वाचणे हे कोणाचे काम? ते निःसंशय गुणवत्ता हमी कक्षाचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 अन्वये महाविद्यालय विकास समितीत या कक्षाच्या समन्वयकास स्थान आहे. तेव्हा वेळापत्रक, शुल्काचे हप्ते, शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी यांसारखे विषय तेथे मांडण्याचा मार्ग कायद्यानेच खुला केला आहे. तो वापरला जात नाही, कारण कक्षाचे वर्ष वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल भरण्यात सरते.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, परीक्षाकाळात लहान गटांना मेंटॉर वा समुपदेशक द्यावेत आणि नोंदी नावे वगळून ठेवाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. यातील पहिली सूचना खर्चिक म्हणून लांबणीवर पडेल आणि पालक-शिक्षकांनाच परिपत्रकाद्वारे ‘समुपदेशक’ ठरविले जाईल, अशी साधार भीती वाटते. वाणिज्य वा भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याचे ऐकून घ्यावे, धोका ओळखावा आणि योग्य व्यक्तीकडे पाठवावे. उपचार त्याने करू नयेत. नावे वगळण्याची सूचना मात्र आजच, एक रुपयाही न खर्चता अमलात आणता येईल. भेटीची तारीख, अडचणीचा प्रकार आणि ती पुढे कोणाकडे सोपविली, एवढ्या तीन बाबी कक्षाकडे जाव्यात. उरलेले शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातच राहावे, आणि ते पाहण्याचा आग्रह कोणत्याही तपासणी समितीने धरू नये.