भय कुठे संपतं, किळस कुठे सुरू होते?

मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसानं राक्षसांचे सिनेमे कशाला बघायचे?" अहो, भरतानं भयानक आणि बीभत्स हे रस वेगळे का मानले, ते मला अशा सिनेमांमुळेच नीट उमगलं.

१९८९ सालचा 'लेव्हायथन' घ्या. समुद्रतळावर खाणकाम करणारी माणसं, बुडालेलं सोव्हिएत जहाज, तिथली दारू. ती पिणाऱ्याचं शरीर बदलायला लागतं. पुढे दोन प्रेतं एकमेकांत मिसळून एकच देह होतो. हा प्रसंग मला अजून छळतो. मरण आपण समजू शकतो हो. पण मेल्यावरही देह चालू राहावा, आणि तो आपला नसावा? इथे भय आहे, आणि ते विचारातून आलंय.

मग राक्षस मोठा होतो आणि सिनेमा लहान होतो. राक्षस स्टॅन विन्स्टनचा, म्हणजे कसबाबद्दल शंकाच नको. पण त्याला दाखवायची घाई इतकी, की भय मागे पडतं आणि उरते नुसती जुगुप्सा. शेवटी तो भर उन्हात समुद्रावर येतो. तिथे तर किळसही येत नाही, रबर दिसतं. शिवाय पाण्याखालची बरीच दृश्यं कोरड्या सेटवर घेतलेली. पाण्याचा विरोध नाही, म्हणून देहाला वजन नाही.

आता १९५४ सालचा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' बघा. मुखवट्याला भाव जवळजवळ नाहीतच. (त्या प्राण्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या बाईंचं, श्रेय बराच काळ खातेप्रमुखाला मिळत राहिलं. असो.) पाण्यातल्या दृश्यांत त्या पोशाखात रिकू ब्राउनिंग हा पोहणारा होता. पाठीवर हवेची टाकी नाही. नळीतून श्वास घ्यायचा, नळी बाजूला सारायची आणि श्वास रोखून अभिनय करायचा. वर ती तरुणी पोहतेय. खाली तो उताणा, तिच्याच लयीत. आधी आपण तिच्यासाठी घाबरतो. मग तो तिच्या पायाला हलकेच हात लावतो आणि झटकन मागे सरतो. म्हणजे घाबरलंय कोण?

जरा दिवे मंद करा. तेवढा प्रसंग आता बघू.