द्यूतकरमंडली आणि पोकरचे टेबल

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक आपल्याकडे विनोदी म्हणून वाचला जातो. 10 सुवर्ण हरलेला संवाहक देवळात मूर्ती बनून उभा राहतो आणि फाशांचा आवाज कानी पडताच डाव मागायला पुढे होतो. हसू येतेच. पण मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर पोकर पाहिल्यापासून मला हा अंक वेगळा दिसू लागला.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात. कॅसिनो डावातून आपला वाटा, म्हणजे 'रेक', काढतो. पत्ते कितीही सचोटीने वाटले तरी टेबलावरचा पैसा आटतच जातो. कौटिल्य फासे बदलणाऱ्याला 12 पण दंड सांगतो, आणि जिंकलेल्या रकमेतून द्यूताध्यक्षाने शेकडा 5 घ्यावेत हेही सांगतो. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची ठरवली, तेव्हाही क्लबमालकाने खेळातून नफा काढल्यास गुन्हा होऊ शकेल, ही वाट मोकळी ठेवली. आपली चर्चा मात्र कौशल्य की नशीब, इथेच घुटमळते.

शूद्रक पुढे जातो. अड्ड्याचा चालक माथुर संवाहकाला दोरीने बांधत नाही. द्यूतकरमंडलीचे रिंगण पुरते. ते ओलांडायचे नाही, हे हरलेल्यालाही मान्य! ओळखीच्या टेबलावरची उधारी अशाच लाजेने वसूल होते. त्याला पळून जायला मदत करतो दर्दुरक, तोही जुगारीच, पण माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकून. कर्ज फेडते मंडळीबाहेरची वसंतसेना, हातातला दागिना पाठवून. तो मिळताच माथुर निरोप देतो: फिटले, आता पुन्हा खेळायला ये.