हलगीचा घुमारा कुठे गेला?

लोकवाद्यांवरचे प्रबंध वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. ‘आठ माइक, ऑडिओ इंटरफेस, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ’ एवढं लिहिलं की मुद्रण शास्त्रशुद्ध झालं, असं आपण धरून चालतो. माइक वाद्यापासून किती अंतरावर होते, कोणत्या बाजूला होते, यावर एक ओळ नसते. (वादकांची नावंही कधीकधी नसतात. माइकचं मॉडेल मात्र हमखास!)

आता माझीच चूक बघा. सोलापुरात मिरवणुकीच्या लेझीमला हलगीची साथ असते. अशा एका सरावाला मी चार माइक घेऊन गेलो. हलगीला एकाच बाजूला चामडं, मागची बाजू उघडी. म्हणून एक माइक पुढे लावला, एक मागे. तिसरा ढोलाला, चौथा दोन मीटर उंचावर. घरी येऊन चारही ट्रॅक एकत्र मिसळले, आलेख काढला आणि टिपणवहीत लिहिलं, ‘हलगीत खालच्या कंपनसंख्या क्षीण.’ पुढच्या खेपेला तेच मुद्रण वादकाला ऐकवलं. तो म्हणाला, “सर, ही आमची हलगी न्हाई. डबा वाजतोय ह्यो.”

बरोबर होतं त्याचं. काठी पडते तेव्हा चामडं पुढच्या माइकपासून दूर जातं आणि मागच्या माइककडे सरकतं. पुढे हवेचा दाब कमी होतो त्याच क्षणी मागे वाढतो. अशा उलट लहरींची बेरीज केली की खालचा आवाज बराचसा कटतो. मागच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी केली, एक बटण दाबलं, आणि घुमारा परत आला. म्हणजे मी हलगीचा गुणधर्म म्हणून जे लिहिलं होतं, तो माझ्या बेरजेचा गुणधर्म होता. ते वाक्य प्रबंधात गेलं असतं तर पुढच्या कुणीतरी ते उद्धृतही केलं असतं.

इथे आपण उसनी घेतो त्या सल्ल्यांबद्दलही बोलायला हवं. ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सांगते की ड्रमसेटवरचे दोन मुख्य माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर ठेवा, म्हणजे त्याचा आवाज दोन्हींत एकाच वेळी पोचेल. तत्त्व चोख आहे, पण ड्रमसेट जागेवर बसलेला असतो. हलगीवाला चालतो, वाकतो, गिरकी घेतो. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्याच्या प्रत्येक पावलागणिक वेळेचा फरक बदलतो. तुमचा प्रश्न लेझीमच्या चकत्या आणि हलगीचा ठोका यांतल्या सूक्ष्म अंतराचा असेल, तर हे ३ मिलिसेकंद क्षुल्लक नाहीत. निदान एक छोटा माइक हलगीच्या कडीलाच अडकवा.

चॅनेल कमी पडले म्हणून दोन वेगळे इंटरफेस दोन लॅपटॉपना जोडणारेही भेटतात. दोघांची घड्याळं वेगळी. त्यांच्यात दहा लाखांत फक्त २० भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत १२ मिलिसेकंदांची तफावत पडते. सुरुवातीला टाळी वाजवून ट्रॅक जुळवले तरी शेवटाला ते सरकलेलेच असतात.

रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांच्या स्वरांवर टिपण लिहिलं, तेव्हा असं काहीच हाताशी नव्हतं. तबला-मृदंगाचा सूर लागतो तो शाईच्या भारामुळे, हे त्यांनी दाखवलं. हलगीला शाई नसते. तिचा सूर ठरतो चामड्याच्या ताणावर, आणि तो वादक विस्तवावर शेकून आणतो.

माझे चार ट्रॅक सुटे जपलेले होते, म्हणून ते वाक्य खोडता आलं. पण हलगी शेकल्यावर किती मिनिटांनी मुद्रण सुरू केलं, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे तिच्या सुराविषयी त्या मुद्रणावरून मला अजूनही काही म्हणता येत नाही.