‘मी’ कोणाला मिळाला?

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ने मराठी कादंबरीला ‘मी’ दिला, असे आपले टीकाकार सांगत आले. १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली ही कथा यमूच्या तोंडून येते. लेखक बाजूला सरतो आणि केशवपनाची जबरदस्ती सोसलेली विधवा स्वतः बोलू लागते. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पांढरपेशांची कादंबरी म्हणून तिला झटकून टाकणारे आमचे मित्र मला उतावळे वाटतात. यमूची वेदना खोटी नाही.

प्रश्न तिच्या नजरेच्या कक्षेचा आहे. माहेर, सासर, माजघर एवढेच तिला दिसते. जी व्यवस्था विधवेचे केस उतरवते तीच महार-मांगांना वेशीबाहेर ठेवते, हा धागा त्या ‘मी’च्या हाती लागत नाही.

तो आधीच एका मुलीच्या हाती लागला होता. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंची ती विद्यार्थिनी. बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने लिहिले. म्हणजे जात आणि बाईपण तिने एकाच ठिकाणी दाखवले, यमूच्या ३५ वर्षे आधी. तिचे सर्वनाम मात्र ‘आम्ही’ आहे. निबंध तो, कादंबरी नव्हे, हे मान्य. पण मराठी गद्यात कोण बोलले याचा हिशेब मांडताना तिला वगळून कसे चालेल?

आता वाटेगावकडे येऊ. आज सांगलीत असलेले हे गाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) तिथलीच. निवेदन तृतीयपुरुषी, जुन्या धाटणीचे, सर्व काही जाणणारे. म्हणून फकिराला ‘अंतर्मन नाही’ असा शेरा मिळतो; वर्गात शिकवताना मीही तो विद्यार्थ्यांकडून ऐकतो. पण अंतर्मनाचा हा आग्रह आला कुठून? दार लोटून रडायला खोली असलेल्या घरातून. जोगणी आणताना राणोजी मारला जातो तो सगळ्यांदेखत, आणि फकिराचे बंडही गावासमोर उभे राहते. मांगवाड्यातले दुःख चव्हाट्यावरचे आहे. ते सांगणारा निवेदक बाहेर उभा राहिला तर बिघडले काय? निवेदन तृतीयपुरुषी असले तरी त्याचे पाय मांगवाड्यातच आहेत.

तरीही अण्णा भाऊंना सगळे माफ करावे असे मी म्हणणार नाही. विष्णुपंत कुलकर्ण्यांच्या चांगुलपणावर कथेचा भार जरा जास्त पडतो. आणि फकिराची आई राधा? नवरा गेला, मुलगा बंडात गेला, तिला निवेदन सोपवावे असे लेखकाला वाटले नाही. जे यमूला मिळाले ते राधाला मिळाले नाही. आपल्या चळवळीतल्या लेखकांनी हे टोचून घ्यायला हवे, कारण १९७० नंतरच्या आमच्या आत्मकथनांतला ‘मी’ही बहुतेक पुरुषच होता.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपले लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. नाव दिले ‘जिणं आमुचं’. मुक्ताचे ‘आम्ही’ छापील पानावर पुन्हा आले ते असे.